साडेआठशे लिटर पाण्यावरचा उजेड

रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, दिवे घ्यायचेत म्हटलं की लोक लगेच कंपन्यांची नावं सांगायला लागतात. न्यू जर्सीतल्या आमच्या क्लबात मी नुसता विषय काढायचा अवकाश, कॉफी गार व्हायच्या आत नावांची जंत्री तयार झाली आणि दोघांची आपसात जुंपली. गंमत म्हणजे चुकीचं कुणीच सांगत नव्हतं. जो तो आपापल्या टँकबद्दल बोलत होता आणि त्यातला एकही टँक माझ्या टँकच्या मापाचा नव्हता.

म्हणून आधी माझा टँक सांगतो. लांबी ७२ इंच, रुंदी ३०, उंची २४. म्हणजे २२४ गॅलन, आपल्या हिशेबात साडेआठशे लिटर. नुसतं खारं पाणीच साडेआठशे किलोच्या वर भरतं. त्यात काच, दगड, वाळू आणि खालचा सम्प, म्हणजे टँकचं पाणी गाळायची जोडटाकी. त्यामुळे तळघरातल्या काँक्रीटच्या जमिनीवर ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. यातला ३० इंच रुंदीचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा खटाटोप त्याच्यापायी झाला. बरेचसे टँक १८ ते २४ इंच रुंद असतात आणि बाजारातले दिवेही तेवढीच रुंदी धरून बनवलेले असतात.

याआधीचा माझा टँक चार फुटी होता, वर टी-फाइव्हच्या, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबा. त्या ट्यूबांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उजेड मऊ आणि सगळीकडे सारखा. पण वर्ष-दीड वर्षात ट्यूब उतरते आणि बदलावी लागते. शिवाय ट्यूबेत पारा असतो, त्यामुळे युरोपने ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी-फाइव्ह ट्यूबा बाजारात आणायलाच बंदी घातली. ज्या तंत्राचा बाजार आटत चाललाय त्यात नव्याने पैसे घालायला मन घेईना. मेटल हॅलाइडच्या प्रखर, तापणाऱ्या दिव्यांचाही विचार केला. क्लबातले एक निवृत्त गृहस्थ अजून ४०० वॉटचे तीन हॅलाइड लावतात आणि त्यांचे अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचे प्रवाळ बघितले की बोलती बंद होते. पण उन्हाळ्यात त्यांचा चिलर अखंड गरगरत असतो. म्हणजे पाणी तापवायला वीज आणि ते गार करायलाही वीज. ते त्यांना लखलाभ. मी एलईडी घ्यायचं ठरवलं.

पुण्याचा एक मित्र अधूनमधून विचारतो, "आपल्याकडे करता येईल का रे असा टँक?" दिवे मिळतील, पंप मिळतील, पण प्रवाळांचं काय? दगडी प्रवाळ २००१ पासून भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. इथे मी घेतो ते टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे, ज्यांना सगळे फ्रॅग म्हणतात. एकाच्या टँकमधली फांदी तोडून दुसऱ्याला द्यायची, ती त्याने वाढवायची. क्लबाचं निम्मं काम हेच. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना हे न्यू जर्सीत घडतंय हे ध्यानात असू द्या.

दिव्यांच्या आधी मी प्रवाळांची यादी केली. वाळूवर आणि खालच्या दगडांवर यूफिलिया, म्हणजे हॅमर आणि टॉर्च, लांब मांसल शेंड्यांचे. मधल्या उंचीला माँटिपोरा. माथ्यावर अ‍ॅक्रोपोरा. कडेकोपऱ्यात मश्रूम आणि झोअँथिड. या सगळ्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमान प्रवाळाला देतं. उजेडाची गरज खरी असते ती या भाडेकरूला.

ती गरज मोजायचं माप म्हणजे पार. प्रकाशाच्या ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातले फोटॉन दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधातलं भर दुपारचं ऊन २००० च्या आसपास असतं. टँकमध्ये एवढं कुणालाच लागत नाही. मश्रूमला ५० ते १०० पुरे, यूफिलियाला ८० ते १५०, माँटिपोराला २०० च्या आसपास, अ‍ॅक्रोपोराला २५० ते ३५०, असा छंद करणाऱ्यांचा साधारण ठोकताळा आहे. त्याच्या फार वर गेलं की फायदा थांबतो आणि नुकसान सुरू होतं. शैवालावर ताण येतो, प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि स्वतः पांढरा पडतो. म्हणजे मला एकाच पाण्यात, दोन फुटांच्या उंचीत, ५० पासून ३५० पर्यंतचे पट्टे हवे होते. तेही हवे तिथेच.

आता खोक्यावर काय लिहिलेलं असतं? वॉट. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो, एवढंच. काही ठिकाणी लुमेन लिहिलेले असतात, ते तर आपल्या कामाचेच नाहीत. लुमेन हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सगळ्यांत जास्त दाद देतो. रीफचा दिवा मुख्यतः ४२० ते ४८० च्या निळ्या-जांभळ्यात काम करतो. त्यामुळे प्रवाळांसाठी उत्तम असलेला दिवा लुमेनमध्ये भिकार दिसतो. फोनमधलं लक्स मोजायचं अ‍ॅपही याच कारणाने फसवतं. निळा वाढवला की अ‍ॅपवरचा आकडा पडतो आणि माणूस घाबरून पांढरा वाढवत बसतो.

निळ्याचं प्रकरण काय आहे ते सांगायला मला नेहमी आंग्रिया बँक आठवते. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं समुद्राखालचं पठार, त्यावर प्रवाळ आहेत. त्याचा सगळ्यांत उथळ भागही वीसेक मीटर पाण्याखाली. एवढ्या खोलीवर लाल रंग पोचतच नाही, तो वरच्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं. उरतो तो निळा, आणि तिथले प्रवाळ त्यावरच जगतात. झूझँथेलीतली हरितद्रव्यं आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य हा निळा-हिरवा पट्टा नेमका उचलतात. तेव्हा 'सूर्यप्रकाशासारखा पूर्ण पांढरा' दिवा हाच नैसर्गिक, असं कुणी सांगितलं तर विचारावं, किती मीटर खोलीवर? बाकी हे सगळं शक्य झालं ते निळा एलईडी जमला म्हणून. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल आणि हिरवे एलईडी त्याच्या कितीतरी आधीपासून होते, आमच्या उपयोगाचे नव्हते.

पण प्रवाळ निळ्यात खूश असले तरी घरातली माणसं असतातच असं नाही. एका मित्राचा दिवा आणून पूर्ण निळ्यावर लावला तेव्हा बायको कपड्यांची बादली घेऊन तळघरात आली आणि दारातच थांबली.

"हे काय, डान्स बार काढलायस का?"

"अगं, कोरलना हाच लागतो."

"कोरलना लागू दे. मला इथे इस्त्री करायची असते. माझा पिवळा कुर्ता कुठला आणि हिरवा कुठला ते तरी कळू दे."

तिचं म्हणणं रास्त होतं. दुकानात फ्रॅग याच निळ्या उजेडाखाली मांडलेले असतात, कारण प्रवाळांतली फ्लुरोसंट प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी, लाल परत फेकतात. ज्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या संशोधनाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मूळ एका जेलीफिशमधलं आणि प्रवाळांत त्याचे बरेच भाऊबंद सापडतात. दुकानात निखाऱ्यासारखा दिसलेला फ्रॅग घरी पांढऱ्या उजेडात मळकट तपकिरी निघतो तो यामुळे. तेव्हा दिवा असा हवा होता की ज्याचे निळे, जांभळे, पांढरे वेगवेगळे कमीजास्त करता येतील. दिवसा इस्त्रीपुरता पांढरा आणि संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणी आल्या की निळा. आता बहुतेक चांगल्या दिव्यांत हे असतंच, त्यामुळे हा मुद्दा लवकर निकालात निघाला.

निकालात न निघणारा मुद्दा होता पसाऱ्याचा. उजेड किती, यापेक्षा तो कुठे कुठे आणि कुठल्या कोनातून पोचतो. याचं उत्तर कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. जाहिरातीतले पारचे तक्ते बहुधा दोन बाय दोन फुटांच्या चौकोनाचे असतात, तेही रिकाम्या टँकचे.

मग ठरवलं की स्वतःच मोजायचं. आमच्या क्लबाकडे पार मीटर आहे, थोडी अनामत ठेवून सभासदांना मिळतं. युटातल्या लोगन गावच्या अपोजी कंपनीचं एमक्यू-५१०. हे मुद्दाम पाण्याखाली मोजायला बनवलंय. हवेत मोजणारा सेन्सर पाण्यात बुडवला की आकडा कमी दाखवतो, आणि या मीटरात ती दुरुस्ती आधीच केलेली असते. अपोजीचंच जुनं मॉडेल पुष्कळांकडे आहे, पण ते निळा कमी पकडतं. त्यावरून दिव्याला नावं ठेवणारे लोक मला भेटलेत.

टँक गळतो का हे तपासायला काही दिवस नळाचं पाणी भरून ठेवायचंच होतं, तीच संधी साधली. टू-बाय-फोर लाकडाची चौकट करून टँकवर आडवी टाकली, म्हणजे दिवा हवा तिथे सरकवता यावा. काचेच्या कडेला दर सहा इंचांवर मास्किंग टेपच्या खुणा केल्या आणि उभी-आडवी सुतळी ताणून चौकोन पाडले. मग एकेका चौकोनात काठी उभी धरून तीन खोल्यांवर मोजायचं. पाण्याच्या पृष्ठाखाली सहा इंच, मग बारा, मग तळ. सेन्सर जेमतेम इंचभराचा असतो, काठी जरा कलली की आकडा तीस-चाळीसने सरकतो. पाणी हलत असेल तर लाटेबरोबर आकडे वरखाली नाचतात, म्हणून पंप बंद करून पाणी निवळेपर्यंत थांबायचं. मुलगी गणिताच्या चौकटीच्या वहीत आकडे लिहून घेत होती. थोड्या वेळाने तीच मला सांगायला लागली, "बाबा, हा नंबर शेजारच्यांच्या मानाने ऑड आहे, परत घे." बहुतेक वेळा काठीच कललेली असायची.

पहिला दिवा मोठा होता, दोनशे वॉटच्या आसपासचा, पाण्यापासून दहा इंच उंचीवर. बरोबर त्याच्याखाली, सहा इंच खोलीवर ५४०. तिथून लांबीच्या दिशेने एक फूट सरकलं की २१०. मागच्या काचेजवळ ९५, आणि कोपऱ्यात तळाशी ४०. म्हणजे मधे अ‍ॅक्रोपोरा भाजेल आणि कडेला मश्रूमसुद्धा रुसेल. दिवा सोळा इंचांवर नेला तेव्हा मधला आकडा ३३० वर उतरला आणि मागच्या काचेजवळचा १२० वर चढला. पसारा सुधारला, पण अर्धा उजेड टँकबाहेर भिंतीवर आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत. आणि हे सगळं काचा लख्ख असताना. रिकाम्या टँकच्या काचा आतल्या आत प्रकाश परतवतात, त्यामुळे कडेचे आकडे फुगतात. वर्षभराने मागच्या काचेवर कोरलाइन शैवालाचा जांभळा थर बसला की ते आणखी उतरणार, हे धरूनच चालायला हवं.

असे तीन मोठे दिवे एका ओळीत लावले की काम होतं, हा क्लबातला बहुमताचा सल्ला. लांबीच्या दिशेने होतंही, दोन दिव्यांमधली दरी भरून निघते. पण ३० इंच रुंदीत पुढची आणि मागची बाजू उपाशीच राहते.

दुसरी गोष्ट आकड्यांत दिसत नाही. ती मला एका मित्राच्या टँकमध्ये दिसली. त्याच्याकडे अ‍ॅक्रोपोराची दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढी वसाहत होती. वरून बघावं तर फांदीफांदीचं टोक जांभळं, फोटो काढावा असं. मी गुडघ्यावर बसून बाजूच्या काचेतून खाली पाहिलं. फांद्यांच्या खालच्या अंगाला मांस नव्हतंच, नुसता पांढरा सांगाडा, आणि बुंध्याकडे त्यावर हिरवं शेवाळ धरलेलं. दोन फांद्या जिथे एकमेकींवर आल्या होत्या, तिथे वरच्या फांदीच्या सावलीची रेघ खालचीवर आखल्यासारखी उमटली होती. रेघेच्या अलीकडे जिवंत, पलीकडे मेलेलं. पार मीटर वर धरलं तर ३२०, अगदी हवा तेवढा.

समुद्रात असं कमी होतं. सूर्य सकाळी एका बाजूला असतो, संध्याकाळी दुसऱ्या, शिवाय आकाशाचा आणि पाण्यात विखुरलेला उजेड चहूबाजूंनी येत असतो. टँकवरचा एकुलता एक ठळक दिवा मात्र सकाळी आठला जिथे असतो तिथेच रात्री आठला आणि तिथेच पुढची पाच वर्षं. सावलीला हलायला जागाच नाही. टी-फाइव्हखाली हा त्रास कमी का होता तेही तेव्हा उमगलं, चार फुटी ट्यूब प्रत्येक फांदीला चार फुटांतून दिसते.

त्यात प्रवाळ वाढतो. लाँग आयलंडवर रिव्हरहेडच्या मत्स्यालयात २०,००० गॅलनचा जिवंत प्रवाळांचा टँक आहे. तिथल्या जुन्या, ऐसपैस वाढलेल्या वसाहती बघितल्या की आपल्या दोन इंची फ्रॅगचं पुढे काय होणार ते कळतं. वरचा प्रवाळ थोड्याच वर्षांत खालच्यावर छप्पर धरतो. दिवे आजच्या फ्रॅगसाठी घेऊन चालत नाही.

यानंतर माझी यादी आपोआप लहान झाली. केसिलचे दिवे मला दिसायला फार आवडतात. सगळे एलईडी एका लहान जागेत दाटलेले असल्यामुळे वाळूवर उजेडाच्या लहरी सुरेख नाचतात. पण ज्या कारणाने लहरी उमटतात त्याच कारणाने सावल्याही धारदार पडतात. एटीआयच्या स्ट्रॅटनसारखे सपाट पाट याच्या अगदी उलट, उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतो आणि सावली मऊ पडते. मनातून मला तेच सगळ्यांत पटले होते. पण माझ्या रुंदीला ते पुरेसे लावले तर वरचं तोंड जवळपास झाकलं जातं, आणि माझा हात दिवसाआड टँकमध्ये असतो. दर वेळी पाट उचलायचा म्हणजे दोन दिवसांत कंटाळा. टी-फाइव्ह आणि एलईडी एकत्र असलेली हायब्रिड चौकट तांत्रिकदृष्ट्या बिनतोड, पण पुन्हा ट्यूबांचं शेपूट मागे.

शेवटी घेतले ते सहा लहान दिवे, इकोटेकचे रेडिऑन एक्सआर-१५. एकेक शंभर वॉटच्या आसपासचा. तीन मोठ्यांऐवजी सहा लहान, दोन ओळींत. माझ्या टँकला २४ आणि ४८ इंचांवर काचेच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यामुळे वर आपसूक तीन खण पडतात. प्रत्येक खणात दोन दिवे, एक पुढच्या काचेपासून आठ इंचांवर, एक मागच्यापासून आठ. पट्टीची सावली कुणाच्याच बरोबर खाली येत नाही. शिवाय पुढच्या आणि मागच्या कडेला लांबभर निळ्या एलईडीची एकेक पट्टी, तिरकी आत वळवलेली. पट्ट्यांनी पार फार वाढत नाही. त्या लावल्यात फांद्यांच्या पोटाखाली बाजूने उजेड जावा म्हणून.

लाकडी चौकटीवर हे सगळं मांडून परत मोजलं. जिथे दगडांचे माथे येणार होते त्या पातळीवर कमाल ३६०, किमान २३०. वाळूवर ९० ते १४०. मागच्या उजव्या कोपऱ्यात ७०, कारण तिथे पाणी खाली सम्पकडे नेणारा काळा डबा आहे. हे आकडे सगळे दिवे ६५ टक्क्यांवर असताना. पूर्ण जोर कधी लावावा लागणार नाही असंच हवं होतं. एलईडी थंड राहिला की जास्त टिकतो आणि पंखाही किरकिर करत नाही.

खर्च? साडेतीन हजार डॉलरच्या वर गेला, तोही थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलची वाट बघून. तीन मोठे घेतले असते तर काही शे डॉलर वाचले असते. विजेचा हिशेब मात्र बरा निघाला. सहा दिवे ६५ टक्क्यांवर म्हणजे ३७० वॉटच्या आसपास, दिवसाला नऊ तास, महिन्याला शंभर युनिट. माझ्या बिलात युनिट १८ सेंटला पडतं, म्हणजे महिन्याला १८ डॉलर. त्या निवृत्त गृहस्थांचे तीन हॅलाइड आठ तास चालले तर महिन्याला २८८ युनिट, म्हणजे बावन्न डॉलर, आणि चिलरचे वेगळे.

हा हिशेब मी अण्णांना ऐकवला. ते डिसेंबरात सांगलीहून आले होते. बाहेर फूटभर बर्फ आणि तळघरात हा झगझगाट.

"काय रे, माशांना एवढं ऊन?"

"माशांना नाही अण्णा, प्रवाळांना."

"खातात काय ती?"

"ऊनच."

"मग ठेव की खिडकीत. फुकटचं ऊन सोडून विकतचं कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण अण्णा तोवर वर चहाला गेले होते.

टांगण्याचं काम मी सोपं समजत होतो, त्यातच जास्त वेळ गेला. तळघराच्या छताच्या तुळया सोळा इंचांवर आहेत आणि टँकचा मध्य त्यांच्याशी जुळत नाही. म्हणून आधी तुळयांना आडव्या दोन फळ्या मारल्या आणि त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेच्या पट्ट्यांची चौकट तारेने टांगली. कप्पी लावली आहे, ओढली की सगळी चौकट दोन फूट वर जाते आणि हात खांद्यापर्यंत आत घालता येतो. प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर प्लगकडे नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून टँकसाठी २० अँपिअरची वेगळी लाईन घेतली, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या सॉकेटसकट. इथे काटकसर करू नये. खारं पाणी, वीज आणि ओले हात एकत्र असतात.

दिव्यांखाली पारदर्शक झाकण नाही. मासे उड्या मारतात म्हणून बारीक जाळी आहे, आणि जाळीही उजेड खाते. मी मोजलं तेव्हा माझ्या जाळीने दहा टक्क्यांच्या जवळपास खाल्ला. मोजणी जाळीशिवाय केली आणि नंतर जाळी टाकली तर सगळे आकडे खोटे ठरतात. दिव्याच्या काचेवर मीठ साचतं ते वेगळंच. दर रविवारी ओल्या मायक्रोफायबरने पुसतो. पुसल्यावर आकडा लगेच चढतो.

जुन्या टँकमधले प्रवाळ टी-फाइव्हखाली १५० पारला सरावलेले होते. त्यांना एकदम ३०० खाली ठेवलं तर शिक्षाच. म्हणून दिवे ४० टक्क्यांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे थोडे वर नेले. दिव्यांच्या मोबियस अ‍ॅपमध्ये हे आपोआप करायची सोय आहे, पण मी हातानेच करत होतो. कारण वाढवायचं की थांबायचं हे प्रवाळ बघून ठरवायचं असतं. एक नारिंगी माँटिपोरा कडेने फिका पडायला लागला, त्याला एक फळी खाली उतरवला आणि दिवे दोन आठवडे तसेच ठेवले. तो सावरला. टॉर्चने मात्र कधीच तक्रार केली नाही, त्याच्या वाट्याला १२० च्या वर येऊच दिलं नाही.

उजेड पुरतोय की नाही हे मला रंगावरून नीट कळत नाही. रंग नायट्रेट-फॉस्फेटवरही हलतात. मी अल्कलिनिटी बघतो, म्हणजे पाण्यात कार्बोनेट किती उरलंय ते. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातला कार्बोनेट वापरतो, आणि उजेडात हे बांधकाम जोरात चालतं. सकाळी आणि दुसऱ्या सकाळी टायट्रेशनने, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून, ती मोजायची आणि फरक काढायचा. दिवे ४० वर असताना दिवसाला ०.४ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) उतरायची. ५० वर गेल्यावर ०.६. ६५ वर आल्यापासून एकच्या आसपास रोज. डोसिंग पंपाने तेवढी भरून काढतो आणि पातळी साडेआठच्या जवळ ठेवतो. एकदा सहज म्हणून ७० टक्के करून पाहिले. वापर वाढला नाही, नुसतं काचेवरचं शेवाळ वाढलं. परत ६५ वर आणले आणि तिथेच सोडलेत.

तो मागचा उजवा कोपरा अजून ७० वरच आहे. तिथे आणखी एक दिवा लावायचा विचार होता, जागाही होती. त्याऐवजी सन कोरल ठेवलाय. त्याच्यात झूझँथेली नसतंच, त्यामुळे उजेडाचं त्याला काही देणंघेणं नाही. त्याला प्रत्येक तोंडात गोठवलेली मायसिस कोळंबी भरवावी लागते, दिवे मालवल्यानंतर, लांब ड्रॉपरने. ते खातं मुलीकडे आहे.